चार तळव्यांवर धावणारी गाडी

रविवारची सकाळ होती. गावाबाहेरच्या मुरमाच्या मैदानावर नारिंगी कोन मांडले होते आणि मी पहिल्यांदाच ऑटोक्रॉसला, म्हणजे कोनांमधून कमीत कमी वेळात गाडी काढायच्या स्पर्धेला, उतरलो होतो. गाडी रोज ऑफिसला नेतो तीच. पुढचे दोन टायर महिन्यापूर्वी बदललेले, मागचे दोन जुने. "नवे पुढेच टाकू, ओढणारी चाकं पुढची असतात," असं टायरवाल्यानं सांगितलं होतं आणि मलाही ते पटलं होतं. तिसऱ्या वळणावर मी ॲक्सिलरेटरवरचा पाय झटकन उचलला आणि स्टिअरिंग वळवलं. पुढची चाकं वळली आणि मागचा भाग मला ओलांडून पुढे निघून गेला. धुरळा खाली बसला तेव्हा गाडी आली त्या दिशेला तोंड करून उभी होती. आजूबाजूला कोनांशिवाय आदळण्यासारखं काही नव्हतं, म्हणून सगळं निभावलं. हेच पावसात कसारा घाटात झालं असतं तर काय, या विचारानं त्या रात्री मला झोप आली नाही.

त्या दिवसापासून मी टायर मनापासून समजून घेऊ लागलो. आता ओळखीची तरुण मुलं-मुली हमखास विचारतात, "रोज कामावर जायचं आहे. वर्षातून चार-पाच रविवार ऑटोक्रॉस किंवा ट्रॅक डे करायचा आहे. खिशाला परवडतील असे कोणते टायर घेऊ?" माझं उत्तर ठरलेलं आहे. टायर पावसातल्या रस्त्यासाठी निवडा, चारही सारखे आणि ताजे घ्या, आणि शर्यतीचे धडे त्याच टायरवर गिरवा. असं का म्हणतो, ते सविस्तर सांगतो.

तळव्याएवढी जागा

एक साधा हिशेब करू. हजार किलोची गाडी असेल तर प्रत्येक चाकावर सरासरी अडीचशे किलो भार येतो. टायरमध्ये ३२ पीएसआय हवा आहे. भाराला हवेच्या दाबानं भागलं की टायर जमिनीला किती जागेवर टेकतो त्याचा अंदाज येतो. हे उत्तर साधारण ११० चौरस सेंटिमीटर येतं, म्हणजे मोठ्या माणसाच्या तळहाताएवढं. गाडी कितीही महागाची असो, तिचं वेग घेणं, थांबणं आणि वळणं अशा चार तळव्यांवरच चालतं.

या तळव्यांची पकड दोन प्रकारे तयार होते. पहिला प्रकार चिकटण्याचा. रबराचे रेणू रस्त्याच्या पृष्ठभागाला क्षणभर धरतात आणि सोडतात. दुसरा प्रकार रुतण्याचा. डांबरातल्या खडीच्या बारीक टोकांवर रबर दाबलं जातं आणि पुन्हा मूळ आकारात येतं, पण जरा सावकाश. या सावकाशीत ऊर्जा खर्ची पडते, तिची उष्णता होते आणि टायर घसरण्याला विरोध करतो. रस्ता ओला झाला की पाण्याच्या थरामुळे चिकटणं कमी होतं आणि बरीचशी भिस्त रुतण्यावर येते.

सगळी ओढाताण इथेच सुरू होते. मऊ रबर चांगलं रुततं, पण लवकर झिजतं आणि इंधन जास्त खातं. कडक रबर वर्षानुवर्षं टिकतं, पण ब्रेक लावल्यावर गाडी लांब जाऊन थांबते. १९९२ मध्ये मिशेलिननं ट्रेडच्या, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या नक्षीच्या, रबरात काजळीच्या जागी मोठ्या प्रमाणावर सिलिका वापरलेले टायर बाजारात आणले. त्यामुळे ओल्या रस्त्यावरची पकड न गमावता इंधन वाचवणं शक्य झालं. आज चांगल्या कंपनीचा मध्यम किमतीचा टायरही पावसात भरवशाचा वाटतो, त्यामागे सिलिकाचा मोठा हात आहे.

पकडीतल्या फरकाचं मोल मीटरमध्ये मोजता येतं. गाडी ताशी ८० किलोमीटर वेगात आहे. पकडीचा गुणांक ०.८ असेल तर ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंत गाडी साधारण साडेएकतीस मीटर जाते. तो १.० असेल तर सव्वापंचवीस मीटर. ओल्या रस्त्यावर झिजलेल्या टायरमुळे तो ०.५ वर आला तर पन्नास मीटर. सुक्या रस्त्यावर उत्तम आणि बऱ्या टायरमध्ये सहा मीटरचा फरक पडतो. सुक्यावरचा बरा टायर आणि पावसातला झिजलेला टायर यांच्यातला फरक जवळपास एकोणीस मीटरचा आहे. म्हणून पैसे आधी पावसावर खर्च करा, असा माझा आग्रह असतो.

टायरची कुंडली

दुकानात गेल्यावर नक्षीकडे पाहण्याआधी खाली वाका आणि टायरच्या बाजूवरची अक्षरं वाचा. उदाहरणार्थ, स्विफ्टच्या वरच्या मॉडेलवर १८५/६५ आर १५ या मापाचे टायर येतात. १८५ ही मिलिमीटरमधली रुंदी. ६५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के. आर म्हणजे रेडियल बांधणी आणि १५ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. पुढे ८८ एच असं लिहिलेलं असेल तर ८८ हा भाराचा आकडा, म्हणजे एका टायरला ५६० किलो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतची वेगमर्यादा. टी म्हणजे १९० आणि व्ही म्हणजे २४०. कंपनीनं दिलेल्या भाराच्या आकड्यापेक्षा कमी आकड्याचा टायर कधीही घेऊ नका.

त्यानंतर लंबगोल चौकटीतले चार आकडे शोधा. २३२४ असेल तर तो टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. बऱ्याच टायरवर हे आकडे एकाच बाजूला असतात, म्हणून दुकानदाराला टायर फिरवून दाखवायला सांगा. त्यात संकोच कसला? मी एकदा न बघता चार टायर बसवून घेतले आणि घरी आल्यावर कळलं, त्यातले दोन जवळजवळ तीन वर्षं गोदामात पडून होते. नक्षी कोरी करकरीत होती, पण रबर न वापरताही म्हातारं होतं आणि कडक होत जातं. पाच वर्षांनंतर टायर दर वर्षी तपासून घ्या आणि दहा वर्षांनी बदलाच, असं अनेक कंपन्या सांगतात. आपल्या उन्हात मी इतकी वाट पाहणार नाही. भांडुप, नाशिक, नागपूर, चाकण, छत्रपती संभाजीनगर अशा ठिकाणी टायरचे कारखाने असलेल्या राज्यात सहा महिन्यांच्या आतला टायर मागणं ही काही मोठी अपेक्षा नाही.

काही टायरवर 'ट्रेडवेअर' असा शब्द आणि पुढे १८०, ३००, ४२० असा आकडा असतो. ही अमेरिकेतली पद्धत आहे. ठरलेल्या रस्त्यावर सुमारे ११,६०० किलोमीटर गाडी चालवून टायरच्या झिजेची तुलना १०० आकडा दिलेल्या प्रमाण टायरशी केली जाते. ढोबळ अर्थ असा की आकडा जितका मोठा, तितका टायर टिकाऊ. आकडा लहान असेल तर रबर बहुधा मऊ. पण हा आकडा प्रत्येक कंपनी आपल्याच चाचणीवरून ठरवते, त्यामुळे दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना जपून करा. अमेरिकेतल्या हौशी ऑटोक्रॉसमध्ये रस्त्यावरच्या गाड्यांच्या गटांना किमान २०० ट्रेडवेअरची अट असते, म्हणून '२०० चे टायर' हा तिथे स्वतंत्र वर्गच झाला आहे. ब्रिजस्टोनचे पोटेन्झा आरई-७१ आरएस, योकोहामाचे ॲडव्हान नेओव्हा एडी०९ ही त्यातली गाजलेली नावं.

इंटरनेटवर या टायरचे व्हिडिओ पाहून आपल्याकडेही हात शिवशिवतात. पण जून २०२० मध्ये केंद्र सरकारनं नव्या टायरची आयात मर्यादित यादीत टाकली आणि परवाना लागू केला. तेव्हापासून लहान गाड्यांच्या मापात असे टायर मिळवणं अवघड आणि खर्चिक झालं. समजा मिळाले, तरी हिशेब मांडून पाहा. रोजचा चांगला टायर सहा हजारांचा आणि चाळीस हजार किलोमीटर चालणारा धरला, तर चार टायरचा खर्च किलोमीटरमागे साठ पैसे पडतो. मऊ टायर बारा हजारांचा आणि पंधरा हजार किलोमीटर चालणारा धरला, तर तोच खर्च तीन रुपये वीस पैसे. वर्षाला बारा हजार किलोमीटर गाडी चालवणाऱ्याला फरक पडतो ३१,२०० रुपयांचा. यातले बहुतेक पैसे ऑफिसच्या रस्त्यावर सिग्नलला थांबण्या-निघण्यात झिजतात. त्या पैशांत वर्षभराच्या स्पर्धांची फी आणि चांगलं हेल्मेट सहज येईल.

मैदान कोणतं, त्यावर टायर

हौशी मोटरस्पोर्टचे आपल्याकडे साधारण तीन प्रकार आहेत. त्या तिन्हींत टायरकडून मागणं वेगवेगळं असतं.

पहिला प्रकार टीएसडी रॅलीचा. इथे ठरलेल्या सरासरी वेगानं ठरलेल्या वेळी टप्पा गाठायचा असतो. रस्ता वाहतुकीचा आणि वेग कायद्यातला. त्याला रोजचे टायर पुरेसे आहेत. फक्त घरून निघण्याआधी स्टेपनीतली हवा तपासा, कारण आडवाटेला पंक्चर काढणारा सापडेलच असं नाही.

दुसरा प्रकार ऑटोक्रॉसचा. अमेरिकेत ही स्पर्धा बहुतेकदा डांबरी मैदानावर होते, आपल्याकडे अनेकदा माती-मुरमावर. हा फरक लक्षात न घेता परदेशी सल्ला ऐकला तर पैसे वाया जातात. मुरमाचे बारीक खडे चाकाखाली गोट्यांसारखे घरंगळतात. रुंद, कमी खाचांचा, सपाट नक्षीचा टायर त्यांच्यावर तरंगत राहतो. इथे खोल खाचांचा आणि मोकळ्या ठोकळ्यांचा टायर कामाला येतो, तो सैल थर बाजूला सारून खालच्या घट्ट जमिनीपर्यंत पोचतो. बाजूची उंचीही हवी. १८५/६५ चा टायर धारदार दगडावरून गेला तर दबून वाचतो. तिथे बुटक्या बाजूचा टायर चिरतो आणि रिमही वाकते. म्हणजे कंपनीनं दिलेलं साधं मापच मुरमावर हुशार निवड ठरतं. हवा मात्र इथे कमी करू नका, एक-दोन पीएसआय जास्तच ठेवा, नाहीतर जोरात वळताना टायर रिमवरून निसटू शकतो.

तिसरा प्रकार ट्रॅक डेचा, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर आपलीच गाडी चालवण्याचा. कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरचा, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक ३.७ किलोमीटरचा आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचा. पुण्याहून यांपैकी कुठेही जायचं तर एका बाजूचं अंतर हजार किलोमीटरहून जास्त आहे. म्हणजे ट्रॅकवर दहा फेऱ्या मारण्याआधी तेच टायर हजार किलोमीटर महामार्गावर चालणार, वाटेत पाऊसही लागणार. अर्धे गुळगुळीत शर्यतीचे टायर घालून हा प्रवास करणं धोक्याचं आहे. खाचा कमी असल्यानं पाणी बाहेर पडायला जागा मिळत नाही. शिवाय ते रबर गरम झाल्याशिवाय धरत नाही आणि थंडीतल्या सकाळी तर ते कडकच असतं.

पाण्यावर तरंगण्याबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. विमानांच्या चाकांवर नासात झालेल्या प्रयोगांतून एक सूत्र निघालं. नक्षीला झेपणार नाही इतकं पाणी साचलं की टायर कोणत्या वेगाला रस्ता सोडतो, हे मुख्यतः हवेच्या दाबावर ठरतं. ३२ पीएसआयला हा वेग ताशी साधारण ९४ किलोमीटर येतो आणि २२ पीएसआयला ७८. मोटारीच्या टायरला हे सूत्र तंतोतंत लागू पडत नाही, पण दिशा बरोबर दाखवतं. पावसात पकड वाढावी म्हणून हवा कमी करणारे लोक प्रत्यक्षात गाडी लवकर तरंगायची सोय करत असतात. मोटारीसाठी आपल्याकडे कायद्यानं किमान १.६ मिलिमीटर नक्षी हवी. जोरदार पावसात ती अपुरी पडते. मृगाच्या आधी तीन मिलिमीटरहून कमी नक्षी उरली असेल तर मी टायर बदलतो.

माप बदलताना

रुंद टायर घातला की पकड वाढते असं सर्रास मानलं जातं. थोडी वाढते, पण स्टिअरिंग जड होतं, मायलेज घटतं आणि त्याच हवेवर जमिनीला टेकणारी एकूण जागा फारशी बदलत नाही, तिचा आकार आडवा होतो. बदलायचंच असेल तर चाकाचा एकूण व्यास सांभाळा. १८५/६५ आर १५ चा व्यास ६२१.५ मिलिमीटर. १९५/६० आर १५ चा ६१५, म्हणजे एक टक्का कमी. १९५/५५ आर १६ चा जवळजवळ ६२१, म्हणजे बरोबर जुळणारा. व्यास तीन टक्क्यांहून जास्त बदलला तर स्पीडोमीटर चुकतो आणि एबीएसचे हिशेबही बिघडू शकतात. मापबदलाचा विमा आणि वॉरंटीवर काय परिणाम होतो, हेही आधी विचारून घ्या. नवशिक्यासाठी माझं मत स्पष्ट आहे, मूळ मापच ठेवा.

दोनच टायर बदलायचे झाले तर नवे मागे टाका, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते आणि वेग कमी केला की ताब्यात येते. मागची सुटली तर गाडी गरगरते आणि तिला सावरायला फार थोडे चालक शिकलेले असतात. त्या रविवारी माझं हेच झालं होतं. ॲक्सिलरेटर सोडताच वजन पुढच्या नव्या टायरवर गेलं, मागचे जुने टायर हलके पडले आणि सुटले.

खडूचा धडा

त्याच मैदानावर एक अनुभवी रॅलीवाले दादा होते. माझी फजिती पाहून ते आले, खिशातून शाळेतला पांढरा खडू काढला आणि उकिडवे बसले. टायरच्या वरच्या नक्षीकडून बाजूकडे उतरणारी दोन बोटं रुंद रेघ त्यांनी ओढली. अशा तीन रेघा प्रत्येक पुढच्या चाकावर. "आता एक फेरी मार आणि थेट इथे ये."

परत आलो तेव्हा खडू नक्षीवरून पुसला गेला होता आणि त्याच्याही खाली, बाजूच्या मजकुरापर्यंत गेला होता. "बघ, वळताना टायर इतका लोळतोय. टायरच्या खांद्यावर हा बारीक त्रिकोण दिसतो ना, खडू तिथपर्यंत पुसला पाहिजे. खाली गेला म्हणजे हवा कमी. वरच थांबला म्हणजे हवा जास्त." त्यांनी दोन पीएसआय भरायला लावले आणि पुन्हा रेघा ओढल्या. तिसऱ्या फेरीला खडू त्रिकोणाजवळ थांबला. गाडी तीच आणि टायर तेच होते, पण स्टिअरिंग वळवल्यावर गाडी वळायला जो वेळ घेत होती तो हाताला जाणवण्याइतका कमी झाला होता. खर्च, एका खडूचा.

डांबरी ट्रॅकवर आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, ती उष्णता. तीस अंशांना भरलेली ३२ पीएसआय हवा टायर सत्तर अंशांवर गेला की साधारण ३८ होते. मधला भाग फुगतो आणि टेकणारी जागा घटते. म्हणून फेऱ्यांच्या मध्ये गरम टायरमधली थोडी हवा काढतात. घरी निघण्याआधी टायर थंड झाले की ती परत भरायला मात्र विसरू नका, नाहीतर महामार्गावर कमी हवेचे टायर तापून फुटू शकतात. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे मोजायची गरज नाही, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. कोऱ्या टायरची आठ-आठ मिलिमीटर उंच नक्षी ट्रॅकवर वळवळते, तापते आणि तिचे लचके निघतात. तेव्हा टायर पहिले हजारभर किलोमीटर रस्त्यावर चालवा, ट्रॅकवर सलग तीन-चार फेऱ्यांनंतर एक फेरी सावकाश मारा आणि परतल्यावर चारही टायरच्या बाजूंवर हात फिरवून चीर किंवा फुगवटा शोधा.

साध्या टायरचा आणखी एक मोठा गुण आहे. तो हळूहळू सुटतो आणि सुटण्याआधी बोलतो. आधी कण्हल्यासारखा आवाज येतो, मग स्टिअरिंग हलकं पडतं, मग गाडी बाहेर सरकू लागते. शर्यतीचा मऊ टायर उशिरापर्यंत धरून ठेवतो आणि सुटतो तेव्हा वेगही जास्त असतो, सावरायला अवधीही कमी मिळतो. शिकणाऱ्यासाठी बोलणारा टायर बरा. ब्रेक आणि वळण या दोन्ही खर्चांसाठी पकडीचा पगार एकच असतो, तो कसा वाटून द्यायचा हे कमी पकडीवर लवकर कळतं. एक संपूर्ण संच मैदानात झिजवून झाला आणि तुमच्या वेळा खालीच येईनाशा झाल्या, की मग जुन्या रिमवर दुसरा, खास शर्यतीचा संच बांधायचा विचार करा.

तोवर पैसे चार ताज्या, सारख्या, पावसात चांगल्या टायरवर आणि व्हील अलाइनमेंटवर खर्च करा. हवा मोजायचं स्वतःचं मीटर घ्या आणि खिशात खडू ठेवा. आणि एक कळकळीची विनंती. वेगाची हौस एफएमएससीआय या मोटरस्पोर्टच्या राष्ट्रीय संघटनेच्या मान्यतेच्या स्पर्धेत, तपासणी झालेल्या गाडीत, हेल्मेट घालून भागवा. ताम्हिणी किंवा वरंध्याच्या घाटात ती भागवू नका. तिथे समोरून येणाऱ्या एसटीतले लोक तुमच्या शर्यतीत उतरलेले नसतात.